पावतीवरचं नाव

ग्रिम्सबीत समुद्र दिसण्याआधी त्याचा वास येतो.
तिच्या घरात मात्र ओल्या गिलाव्याचा वास होता,
आणि ती कोट घालून बसली होती
स्वतःच्याच स्वयंपाकघरात, पाहुणी आल्यासारखी.

मी माहितीपत्रक वाचून दाखवलं.
सहभाग ऐच्छिक आहे, केव्हाही माघार घेता येईल.
"कशातून?" तिनं विचारलं.
अभ्यासातून, मी म्हणाले.
"अच्छा. मला वाटलं, सगळ्यातूनच."
दोघी हसलो. रेकॉर्डर अजून सुरू व्हायचा होता,
म्हणून ते हसू आमच्या डेटामध्ये नाही.

एकतीस वर्षं हॅडॉक सोलले तिनं,
बर्फात बुडालेली बोटं आता मिटत नाहीत नीट.
"भत्त्याच्या फॉर्मवर विचारतात, किती अंतर चालता येतं?
मी विचारते, वारा कुठल्या बाजूचा?"
हे वाक्य मी अधोरेखित केलं.
(लाज वाटली, पण केलं.)

तुमचं नाव बदलू आम्ही, म्हटलं. तुम्हीच निवडा एखादं.
"का? मी काय चोरी केलीय?"
तुमच्या संरक्षणासाठी.
"माझंच लिही ना. कारखान्यात नंबर होता मला,
ऑफिसात अजून आहे. एकदा नाव छापून येऊ दे."
नीतिसमितीची परवानगी नाही, मी म्हणाले,
आणि माझ्याच आवाजात मला
एक खिडकी बंद होताना ऐकू आली.

मग उठता उठता आभाराचे वीस पाउंड.
फक्त इथं सही करा. पूर्ण नाव, सुवाच्य अक्षरात.
"म्हणजे इथं मी मीच?"
हो. लेखा विभागाला लागतं.
तिनं चष्मा पुसला. हळूहळू तीन शब्द लिहिले,
माहेरचं आडनावसुद्धा, जे कुणी मागितलं नव्हतं.

अप्पा हिंगोलीला तहसिलीबाहेर बसायचे,
घडीचं टेबल, कार्बनचे निळे डाग मनगटापर्यंत.
"अर्जदार अत्यंत गरीब असून" हे त्यांना
झोपेतही लिहिता आलं असतं.
पण त्याआधी माणसाला समोर बसवून तीनदा विचारायचे:
तुझं, बापाचं, गावाचं.
नाव चुकलं की माणूस हुकला, म्हणायचे.
मी त्यांच्यापुढे दोन पदव्या गेले
आणि माझं कामच झालं नाव पुसण्याचं.

बसथांब्यावरून ती दिसली पुन्हा,
गॅसच्या मीटरचं कार्ड हातात, दुकानाकडे निघालेली.
चाळीस पावलं. मग भिंत. मग बावीस.
मी मोजलं. टिपणवहीत लिहिलं नाही.
असली टिपणं कुणाच्या हाती पडतात
ते माहीत आहे मला.

गॅरेथनं यादीतून नाव काढलं: पॉलीन.
त्या वयाला शोभतं, म्हणाला.
मार्चमध्ये लंडनच्या एका गरम खोलीत
पॉलीनचा वारा पडद्यावर झळकला,
सहा सेकंद कुणी बोललं नाही.
"फार प्रभावी," एक अधिकारी म्हणाले,
आणि पुढची स्लाइड मागितली.
इफेओमानं टेबलाखाली माझा हात दाबला.

काल मी तळमजल्यावर लेखा विभागात गेले.
पावत्या सहा वर्षं ठेवतात तिथं, मग यंत्रात घालतात.
फाइल काढून देणाऱ्या मुलानं विचारलं,
"काही चुकलंय का?"
नाही रे, म्हटलं. अक्षर बघायचं होतं.

मधल्या शब्दावर पेन अडखळलं होतं,
तिथं कागद थोडा फाटलाय.
शेवटच्या अक्षराखाली एक रेघ, सरळ,
कुणी सांगितली नव्हती ती.

ते नाव मी इथंही लिहिणार नाही.
सही केलीय मी, माझ्या पूर्ण नावानं.